सोपं गाणं, सोपी भक्ती?

कराओकेवर ‘एन्का’ हे जपानी गाणं गायला निघालेला नवखा आधी दोन गोष्टी पाहतो: सुरांचा पल्ला आणि ‘कोबुशी’, म्हणजे आवाजाला दिलेले हेलकावे. दोन्ही जितके कमी, तितकं गाणं सोपं. कित्येक एन्का गाण्यांत मध्यम-निषाद वगळलेले असतात, म्हणजे आपल्या भूपाचेच पाच सूर. मराठी गळ्याला ते परके वाटू नयेत.

पण देवासाठी गाताना सोपं निवडणं ही पळवाट की वाट?

उत्तरासाठी हरिपाठाकडे पाहू. १९७० साली सिडको आली, नवी मुंबई वसली. तिच्या पोटातल्या आगरी-कोळी गावांत हरिनामाच्या अभंगांचा हा पाठ मात्र त्याआधीपासूनचा. ज्ञानेश्वरांच्या हरिपाठाच्या अभंगात सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चरण, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही ते पाठ होतात. वारकऱ्यांच्या लेखी हे सोपेपण तडजोड नव्हेच; संस्कृत आणि कर्मकांड यांच्या बाहेर राहिलेल्यांसाठी ते दार होतं.

आक्षेपही खरा आहे. सवयीनं ओठांवर आलेलं नाम मनापर्यंत पोचतंच असं नाही, आणि दिखाऊ भक्तीवर तुकोबांनीही कोरडे ओढले आहेत. मात्र अवघड गाण्यानं हा धोका टळत नाही. तिथे नामाऐवजी तानेकडेच लक्ष जातं. भजनात म्हणून दोन्हींना जागा असते: बुवा आलाप घेतात, टाळकरी ध्रुपद धरून ठेवतात.