बसायला काय लागतं?

माझं वजन १०४ किलो होतं, तेव्हा लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. मी तिसऱ्या जागेवर बसलो की चौथी जागा फारशी उरायचीच नाही.

मुंबईबाहेरच्यांसाठी सांगतो. लोकलच्या सेकंड क्लासमधला बाक तिघांसाठी असतो आणि त्यावर चौघं बसतात. चौथ्याला जेवढं उरेल तेवढं. बहुतेक वेळा अर्धं बूड बाकावर, अर्धं हवेत आणि एक पाय वाटेत रोवलेला. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण डोंबिवलीपासून दादरपर्यंत सगळे पाळतात. 'जरा सरका' म्हटलं की तिघं कुरकुरत का होईना, सरकतात. मला हा या शहरातला सर्वांत सुंदर अलिखित कायदा वाटायचा. अर्थात मी तिसऱ्या सीटवर होतो, तेव्हा.

माझ्या शेजारी चौथे म्हणून एक काका बसायचे. साठीच्या आसपासचे, अगदी काटकुळे. आमच्या ग्रुपचा हिशेब ठरलेला होता: 'काका बारीक आहेत, त्यांना पुरतं तेवढं.' ठाणं आलं की काका उठायचे आणि उभ्या असलेल्या कुणाला तरी म्हणायचे, "बसा, मला उभं राहायची सवय आहे." मला ते फार मोठ्या मनाचे वाटायचे.

मग मी बारीक झालो. १४ महिन्यांत १०४ वरून ७१.

कसं केलं, ते थोडक्यात सांगतो, कारण विचारणारच तुम्ही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दिवसातून दोनदा, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवायची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचली आहे. आमच्या सोसायटीत अर्धे लोक दीक्षितवाले आणि अर्धे ऋजुता दिवेकरवाले. मी दोन्हीकडे पाहुणचार घेऊन आलो आणि शेवटी साखर, वडापाव आणि रात्री अकरानंतरची बिर्याणी सोडून चालायला लागलो. वजन कमी कसं करायचं, यावर आपल्याकडे प्रत्येकाला मत असतं. कमी झाल्यावर काय होतं, यावर मात्र एकच मत ऐकू येतं: 'वा! काय भारी दिसतोयस!'

काय होतं, ते मला ऑफिसच्या खुर्चीवर कळलं. दिवसाचे नऊ तास बसणं हीच माझी नोकरी आहे. साधारण पंचवीस किलो उतरल्यावर खुर्ची टोचायला लागली. आधी वाटलं खुर्ची बिघडली. बदलून घेतली. मग घरची प्लास्टिकची खुर्ची टोचायला लागली, मग जिन्याची पायरी, मग देवळातली फरशी. सगळ्या जगातल्या खुर्च्या एकाच वेळी बिघडणार नाहीत, एवढं डिबगिंग मला जमतं.

फिजिओथेरपिस्टने हाडांचं प्लास्टिकचं मॉडेल समोर ठेवून समजावलं. आपण बसतो ते दोन हाडांवर, कमरेच्या पिंजऱ्याच्या तळाशी असलेल्या दोन उंचवट्यांवर. उभं असताना कुल्ल्याचा मोठा स्नायू त्यांच्यावर पांघरलेला असतो. बसायला वाकलं की तो वर सरकतो. म्हणजे नेमकं बसताना त्या हाडांखाली उरते फक्त कातडी, चरबी आणि द्रव भरलेली एक पातळ पिशवी. चरबी गेली की भार उरलेल्यांवर येतो. ती पिशवी सुजली तर त्या दुखण्याला इंग्रजीत एक जुनं नाव आहे, त्याचा अर्थ 'विणकराचं बूड'. कडक फळीवर दिवसभर बसून माग चालवणाऱ्यांचा आजार. कल्याणशेजारच्या भिवंडीत आता यंत्रमागाशी माणसं उभी असतात. बसायचं काम तिथून उठून आमच्या आयटी पार्कात आलंय, इतकंच.

मला या गोष्टीनं चांगलंच हलवलं. दहा वर्षं मी माझ्या चरबीला शिव्या दिल्या. आरशासमोर, कपड्यांच्या दुकानात, शाळेच्या ग्रुप फोटोत. ती शुद्ध कचरा आहे, यात मला शंका नव्हती. आणि ती इतकी वर्षं खाली गुपचूप गादीचं काम करत होती. पहिल्या नोकरीत मी एकदा कुणीच वापरत नाही असं वाटणारं एक फंक्शन डिलीट केलं होतं. रात्री दोन वाजता फोन आला, तेव्हा कळलं कोण वापरत होतं ते. तसंच झालं. ३३ किलो घालवल्याचा मला पश्चात्ताप नाही. गुडघे शांत आहेत, शुगर जागेवर आली, जिना चढताना बोलता येतं. पण 'वाईट' म्हणून जे काढून टाकलं ते सगळंच वाईट नव्हतं, एवढं मान्य करायला मला दुखायला लागावं लागलं.

आता लोकल. ग्रुपनं माझी बढती केली: "तू आता बारीक झालास, तू चौथा. तुला काय, कुठंही मावशील." मी मावतो, हे खरंय. पण अर्ध्या बुडावर बसायचं म्हणजे सगळा भार एकाच हाडावर. दिवा येईपर्यंत मी दात आवळतो. मुंब्र्याला वजन इकडून तिकडे करतो, म्हणजे शेजारच्याला ढोसतो. ठाणं आलं की उठतो आणि उभ्या माणसाला म्हणतो, "बसा तुम्ही."

पहिल्यांदा हे तोंडातून निघालं तेव्हा मला काका आठवले. ते मोठ्या मनाचे असतीलही. पण ते रोज ठाण्यालाच का उठायचे, हे मी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. बारीक माणसाला कमी जागा लागते, हे मला गणितासारखं स्वच्छ वाटायचं. जागा कमी लागते, पण कडक जागा जास्त लागते. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि त्यातलं एकच डोळ्यांना दिसतं.

मग प्रश्न आला तक्रारीचा. सांगायचं कुणाला, आणि कुठल्या तोंडानं?

पहिली अडचण: हे मीच मागून घेतलंय. ज्यांना दहा किलोही कमी करता येत नाहीत, त्यांच्यासमोर 'बारीक झाल्यामुळे दुखतं' म्हणणं म्हणजे पगार जास्त झाल्यामुळे टॅक्स भरावा लागतो, असं रडण्यासारखं. एका मित्रानं तसं ऐकवलंही. दुसरी अडचण जास्त खरी. ९ जून २०२५ ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं धावत्या लोकलमधून खाली पडली. काही जण गेले. तो आमचाच मार्ग. ज्या डब्यात दारातल्याचा जीव जातो, त्याच डब्यात बसायला मिळालेल्यानं हाड दुखतं म्हणावं?

बरेच दिवस मी म्हटलं नाही. पण विचार करताना लक्षात आलं, की माझ्या गप्प बसण्यानं दारातल्या माणसाला कणभर जागा मिळत नव्हती. मोठं दुःख दाखवून लहान दुःखाला गप्प करता येतं, पण त्यानं मोठं दुःख हलकं होत नाही. फक्त एक सवय लागते: समोरच्याचं आधी मोजायचं, आणि कमी भरलं तर ऐकायचंच नाही. आणि मोजायचं कशानं? डोळ्यांनी. जाड दिसतोय म्हणजे जागा खातोय. तरुण दिसतोय म्हणजे उभा राहू शकतो. मी दोन्ही बाजूंनी मोजला गेलोय. दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नव्हतं.

'तूच मागितलं होतंस' याचंही तसंच. मागितलेल्या गोष्टीबरोबर न मागितलेलं येतं, हे काही नवीन नाही. हौसेनं आई झालेल्या बाईची झोप उडते, तेव्हा 'तुलाच हवं होतं ना' म्हणणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही.

हे सगळं मी फार समजूतदारपणे लिहितोय. पण हा लेख लिहायला घेतला तो आजीमुळे.

आजी साताऱ्याकडची. शेवटची सहा वर्षं आमच्याकडे डोंबिवलीत होती. ती बसेल तिथं आधी गोधडीची घडी टाकायची. खुर्चीवर, पलंगावर, नव्या सोफ्यावरसुद्धा. पाहुणे आले की आई ती हळूच उचलून ठेवायची, कारण ती जुनी आणि विटलेली होती. पाहुणे असेपर्यंत आजी सोफ्याच्या कडेला या बाजूवरून त्या बाजूवर होत राहायची. आम्हाला वाटायचं, हिला गप्पांचा कंटाळा आलाय. एकदा मी हसत विचारलं, "आजी, एवढ्या मऊ सोफ्यावर पण तुला गोधडी लागते?"

ती म्हणाली, "लागतंय म्हणून लागती."

सगळे हसले. मीही. मला वाटलं, तेच ते पुन्हा म्हणतेय, म्हाताऱ्या माणसाचा हट्ट. आपल्या भाषेत 'लागणं' म्हणजे गरज असणं, आणि 'लागणं' म्हणजे दुखणं. ती एका वाक्यात कारण आणि मागणी दोन्ही सांगत होती: खाली दुखतं, म्हणून गोधडी हवी. आम्ही दोन्ही वेळा फक्त 'हवी' ऐकलं.

आजी त्या वर्षांत आटत गेली होती. हे आता जुने फोटो पाहताना दिसतं. माझ्या वजनाचा रोजचा आलेख फोनमध्ये आहे, शंभर ग्रॅमपर्यंतचा. तिच्या वजनाचा आकडा घरात कुणालाच माहीत नव्हता. मी वजन मुद्दाम घालवलं, तिचं न मागता गेलं. न मागता जाणारं वजन डॉक्टरला दाखवायचं असतं, हे मला आज माहीत आहे. तेव्हा तिला मी शंभरेक किलोंच्या गुबगुबीत बुडावर बसून चिडवत होतो. ती जाऊन चार वर्षं झाली. माफी मागायला उशीर झालाय, हे मला कळतं.

सुखानं बसण्याची इच्छा म्हणजे लाड, असं आपल्याला का वाटतं, कोण जाणे. आपल्या परंपरेत तरी तसं नाही. पतंजली आसनाला दोन अटी घालतात, ते स्थिर हवं आणि सुखाचं हवं. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसणाऱ्यासाठी जागा सांगितलीय: फार उंच नाही, फार खाली नाही, आणि दर्भ, मृगाजिन, वस्त्र असे थर दिलेले. सगळं सोडून निघालेल्या योग्याच्या बुडाखाली तीन थर, आणि आमच्या आजीची एक गोधडी पाहुण्यांसमोर नको.

बाहेर काही ठिकाणी निदान विचारायला सुरुवात झालीय. लंडनच्या वाहतूक संस्थेनं २०१७ मध्ये एक बिल्ला काढला. ज्यांचं दुखणं बाहेरून दिसत नाही, त्यांनी तो लावायचा, कारण न सांगता जागा मागण्यासाठी. आपल्याकडे केरळनं २०१८ मध्ये आणि तामिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगारांना बसायला मिळावं म्हणून कायद्यात बदल केला. साड्यांच्या दुकानातल्या बायका त्याआधी कित्येक वर्षं उभ्या होत्या. त्यांचे पाय दुखतात, हे गिऱ्हाइकांना दिसत नव्हतं असं नाही. विचारलं नव्हतं.

मी आता काय करतो? ऑफिसच्या खुर्चीवर उशी ठेवतो, दर अर्ध्या तासाला उठतो, कुल्ल्याचे व्यायाम करतो. बराच फरक आहे. ऑफिसात एकानं मूळव्याध झाली का विचारलं, मी खरं कारण सांगितलं. तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, त्याच्या वडिलांचं आजारपणात वजन गेलंय, तेही सारखे उठतात, घरी वाटत होतं चिडचिड करतात. माझं लहान दुखणं सांगितल्याचा मिळालेला हा पहिला उपयोग.

ग्रुपलाही सांगितलं. आता चौथी सीट फिरती आहे, दर स्टेशनाला बदलते. यात थोडी थट्टा होते, ती चालते. काका दिसत नाहीत. निवृत्त झाले असावेत.

परवा डोंबिवलीहून एक सडपातळ आजोबा चढले. सवयीनं आमचे तिघं सरकले, आजोबा कडेवर टेकले. कोपरला ते एका बाजूला झाले, दिव्याला दुसऱ्या. मी खिडकीजवळ होतो. वाकून विचारलं, "आजोबा, लागतंय का?"

"नाही नाही," ते म्हणाले. "ठीक आहे."

मी उठून त्यांना आत बसवलं आणि पाठीवरच्या सॅकमधली उशी दिली. त्यांनी ती आधी मांडीवर ठेवली. मग इकडेतिकडे पाहून खाली घेतली.