पाच कॅरेट

अंबड तालुक्यातल्या त्या गावात आबांच्या पिकअपला मान होता. गाडी जुनी. रंग उडालेला, दरवाजा दोनदा ओढल्याशिवाय लागत नसे. पण 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळून सरपणाला गेल्या, तेव्हा याच गाडीवर टाकी बांधून, लांबून पाणी आणून आबांनी आपली झाडं जगवली होती. आणि आबांचा हात तर असा की दोन्ही बाजूंना वीतभर जागा असली तरी भरलेली गाडी उलटी घेऊन मोंढ्यात बरोबर गाळ्याला लावत. इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही, हे आबांना स्वतः कधी सांगावं लागलं नाही, गावच सांगायचं.

भाद्रपदातली गोष्ट. आंबिया बहाराची तोडणी चालू होती. जालन्याला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स करणारी नात सुट्टीला आली होती आणि बायांबरोबर कॅरेट भरत होती. गाडी पुढच्या ओळीत न्यायची म्हणून आबा चाकावर बसले. रस्ता मागूनच होता. नातीचं लक्ष सहज गाडीच्या मागे गेलं. फाळक्याच्या सावलीत गोधडी अंथरलेली होती आणि तोडणीला आलेल्या एका बाईचं लेकरू त्या गोधडीवर झोपलं होतं.

नातीनं लेकरू उचलून आईच्या हातात दिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आबा, चावी काढा जरा. उतरू नका, तिथंच बसा. मागं काय दिसायलंय?"

"बांध दिसायलाय. विहीर दिसायली. का गं?"

तिनं एक रिकामं कॅरेट फाळक्यामागे ठेवलं. "आता?"

"तेच."

दुसरं ठेवलं, त्यावर तिसरं. आबांना बांध आणि विहीरच दिसत होती. चौथ्याला ते वैतागले. "ऊन चढायलंय, पोरी. खेळ पुरे."

तिनं पाचवं कॅरेट चढवलं.

"हां, आता दिसलं. एक लाल कॅरेट ठेवलंस ना?"

"पाच ठेवलेत, आबा."

आबा उतरून मागे आले. कॅरेटची चळत त्यांच्या छातीपर्यंत आली होती. गाडी रिकामी होती म्हणून मागच्या काचेतून वरचं एक तरी दिसलं. माल भरलेला असता तर तेही नाही. मग त्यांची नजर गोधडीवर गेली, आणि तिथून लेकराला कडेवर घट्ट धरून उभ्या राहिलेल्या आईवर. बराच वेळ कुणी बोललं नाही.

"मी आरसे बघितल्याशिवाय गाडी हलवत नाही," आबा शेवटी म्हणाले.

"बघता की. पण आरशात दोन बाजू दिसतात. फाळक्यामागचं कशातच दिसत नाही. तुमच्या हातात खोट नाही, आबा. तिथं नजर पोचतच नाही."

ही गोष्ट एकट्या आबांच्या गाडीची नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात 2002 साली एका बालरोगतज्ज्ञाच्या गाडीमागे त्याचाच दोन वर्षांचा मुलगा आला. बाप घरापाशी गाडी उलटी घेत होता, आरसे बघत, सावकाश. मूल गेलं. त्या बापानं आणि त्याच्यासारख्या इतर आईबापांनी पाठपुरावा केला, 2008 मध्ये त्या मुलाच्या नावाचा कायदा झाला, आणि मे 2018 पासून तिथल्या नव्या हलक्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. आपल्याकडे जुलै 2019 पासून नव्या मोटारींना रिव्हर्स सेन्सर आले. पण आपल्या बागांतून, मोंढ्यांतून फिरणाऱ्या जुन्या पिकअप या नियमांच्या कितीतरी आधीच्या. त्यांच्या मागे काय आहे हे बघायला कायदा येणार नाही. मालकानंच बघायला हवं. आणि मला वाटतं, यात सगळ्यात मोठी अडचण अनाडी ड्रायव्हरची नाहीच. ज्याचा हात कधी चुकला नाही, त्याला आपल्याला न दिसणारी जागा आहे हे कोण सांगणार?

आबांनी ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. दुसऱ्याच दिवशी दोघं जालन्याला गेले. कॅमेरा आणि डॅशबोर्डवरचा छोटा स्क्रीन दोन-तीन हजारांत आला. दुकानातला मिस्त्री म्हणाला, फाळक्यावर मधोमध बसवतो, शोभून दिसेल. नात म्हणाली, "नको, दादा. माल भरताना फाळका खाली पडतो. कॅमेरा जमिनीकडे बघेल आणि वायर रोज दुमडून तुटेल." मिस्त्री हसला, पण मानलं त्यानं. नंबर प्लेटच्या वर, चेसीच्या आडव्या पट्टीला कॅमेरा बसला. लाल वायर रिव्हर्सच्या दिव्याला जोडली, म्हणजे रिव्हर्स गिअर पडला की स्क्रीन आपोआप चालू. काळी वायर बॉडीला. लांब केबल सायलेन्सरपासून दूर ठेवून चेसीला जागोजाग बांधत केबिनपर्यंत आणली.

नातीनं दोन गोष्टी बजावल्या. या भिंगातून जवळचंही लांब वाटतं, म्हणून स्क्रीनवर जागा दिसली तरी घाई नको. आणि काळ्या रानाचा चिखल भिंगावर बसला की कॅमेरा असून नसल्यासारखा. आबांनी सीटखाली एक फडकं ठेवलं. तेव्हापासून गाडी उलटी घ्यायच्या आधी ते उतरतात, मागे जाऊन भिंग पुसतात, गाडीखाली वाकून बघतात, मग बसतात. वेळ जातो. पूर्वी हे ते कधीच करत नसत.

पुढच्या आठवड्यात मोंढ्यात शेजारच्या गावच्या एका ड्रायव्हरनं स्क्रीन बघितला. "आबा, तुमच्यासारख्याला कॅमेरा? लोक काय म्हणतील?"

आबांनी त्याच्याच पिकअपचा दरवाजा उघडला. "बस आत. मागं बघ आणि सांग काय दिसायलंय."

तो हसत बसला. आबा मागे गेले आणि गाळ्यातली रिकामी कॅरेटं एकावर एक रचू लागले. हमाल थांबून बघू लागले. चौथं झालं, पाचवं झालं.

"एक दिसायलं, आबा!"

"उतर आणि मोज."

तो उतरला. मोजलं. मग पुन्हा चढून बसला, मान वळवून बघितलं, पुन्हा उतरला. त्याच्या घरी दोन लहान मुलं होती, हे आबांना ठाऊक होतं.

"आबा," तो म्हणाला, "तुमच्या नातीला सुट्टी कधीपर्यंत आहे?"