हातशिलाईचे मोल

पुनरुत्थानाचा सण पार पडला, की आमच्या धर्मग्रामांतून लग्नांची आणि प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या सोहळ्यांची लगबग सुरू होते. दुपारच्या वेळी आळीतून चालत गेले, तर अजूनही एखाद्या घराच्या ओटीवरून शिवणयंत्राची घरघर कानी येते. कुठे मुलीच्या पांढऱ्या पोशाखाला लेस लावली जात असते, कुठे बाप्तिस्म्यासाठी झबले-टोपडे बेतले जात असते, तर कुठे आजीच्या मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे होत असते. नाताळ जवळ आला, की हीच घरे बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि खळ घेऊन चांदणी करावयास बसतात. बाजारात हे सारे तयार मिळते. पुष्कळदा अधिक सुबक, कधी कधी अधिक स्वस्तही. मग माणसे हा खटाटोप का करतात? ही नुसती काटकसर आहे, हौस आहे, की तीत काही नैतिक मोलही आहे? स्वतःच्या हाताने शिवून देणारा विकत आणून देणाऱ्यापेक्षा खरोखर अधिक काही देतो काय?

प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. आम्हांलाही तो बरीच वर्षे किरकोळच वाटत होता. तो आमच्या मनात रुजला तो आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

एका धर्मग्रामात आम्ही नव्याने रुजू झालो होतो. तेथे प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलांच्या पोशाखांत मोठी चढाओढ चालत असे. काही मुली नववधूप्रमाणे झालरींचे झगे घालून येत, आणि त्याच रांगेत मोलमजुरी करणाऱ्यांच्या मुली मान खाली घालून उभ्या राहत. प्रभूच्या मेजाकडे जाणाऱ्या रांगेत हा भेद आम्हांला सहन होईना. म्हणून आम्ही नियम केला: सर्वांनी एकाच दुकानातून घेतलेला एकसारखा साधा पांढरा पोशाख घालावा, ज्यांना परवडणार नाही त्यांचा खर्च धर्मग्राम उचलील.

नियम वाचून दाखविल्यावर दोन दिवसांनी एक माता आमच्याकडे आली. सकाळी भाजीची पाटी घेऊन बाजारात बसणारी ती बाई. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक पोशाख तिने मेजावर उलगडला. स्वतःच्या लग्नातील पांढऱ्या साडीतून तो बेतलेला होता. यंत्र घरी नव्हते. सगळी शिवण हाताची. कडेला आतून चार बोटे कापड दुमडून ठेवले होते. ‘पोर वाढते आहे, फादर. उसवून लांब करता येईल,’ ती म्हणाली. मग हळूच विचारले, ‘हा चालेल ना?’

आम्ही म्हणालो, ‘बाई, एकाला सवलत दिली तर उद्या दहाजण येतील. नियम सर्वांना सारखा.’

‘बरं, फादर,’ एवढेच ती बोलली, आणि पोशाखाची पुन्हा त्याच घडीवर घडी घालून निघून गेली.

सोहळ्याच्या दिवशी तिची मुलगी दुकानातील पोशाखात आली. त्या दिवशी रांगेत कुणाचीही मान खाली नव्हती, हे खरे. पण मिस्सा संपेपर्यंत त्या मातेकडे पाहण्याचे आम्ही टाळले, हेही खरे. तिच्या पोशाखाचे पुढे काय झाले ते आम्हांला ठाऊक नाही. विचारण्याचे धैर्य झाले नाही, आणि पुढे आमची बदली झाली.

आमचे नेमके चुकले कोठे? समतेचा आग्रह चुकीचा नव्हता. तो आजही सोडावा असे आम्हांला वाटत नाही. चुकले ते हे, की त्या चार बोटांच्या दुमडीत काय होते, ते आम्ही पाहिले नाही.

पवित्र शास्त्रात अशीच एक माता आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात हन्नाची हकिकत येते. नवसाने झालेला आपला मुलगा तिने शिलो येथे प्रभूच्या सेवेस वाहिला. आणि प्रतिवर्षी ती यज्ञासाठी पतीसह तेथे जाई, तेव्हा त्याच्यासाठी एक लहानसा अंगरखा शिवून नेत असे. शास्त्रकर्त्याने एवढेच सांगितले आहे. पण शिवणकाम जाणणाऱ्या आपल्या भगिनींना त्या एका वाक्यातील अडचण लगेच ध्यानी येईल. मूल समोर नाही, मग माप घ्यावयाचे कोणाचे? गेल्या वर्षी तो खांद्याएवढा होता. या वर्षी किती वाढला असेल? बाह्या किती ठेवाव्यात? हन्नाला कापडाला कात्री लावण्यापूर्वी मुलाची वाढ मनात पाहावी लागली असेल. अंगरखा शिवण्याचे सारे दिवस तो तिच्या डोळ्यांपुढे राहिला असेल. वर्षातून एकदा भेटणाऱ्या मुलाचे ती वर्षभर स्मरण करीत होती, आणि त्या स्मरणाला तिने वस्त्राचे रूप दिले.

आमच्या मते, हाताने घडविलेल्या भेटीचे मोल येथे आहे. ते टाक्यांच्या सुबकपणात नाही, वाचलेल्या पैशांतही नाही. ज्याच्यासाठी वस्तू करावयाची, त्याला इतका काळ मनात धरून बसावे लागते, यात ते आहे. माप घेणे म्हणजे दुसरा माणूस जसा आहे तसा पाहणे. आणि वाढत्या अंगाची दुमड ठेवणे म्हणजे तो उद्या जसा होईल त्यासाठी आजच जागा राखणे. प्रीती याहून वेगळे काय करते?

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात यापो येथील टबीथा मरण पावते, तेव्हा तेथील विधवा पेत्राला तिच्या पुण्यकर्मांची यादी वाचून दाखवीत नाहीत. तिने आपल्यासाठी केलेले अंगरखे आणि वस्त्रे त्या रडत रडत त्याच्यापुढे धरतात. टबीथाचे एकही वचन शास्त्रात नोंदलेले नाही. तिच्या वतीने तिची शिवण बोलली.

येथे एक वाचक आम्हांला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, ‘फादर, मी आखातात बारा-बारा तास राबतो. मला सुई धरता येत नाही. पण माझ्या पगारातून लेकीचा पोशाख विकत येतो. माझे प्रेम काय कमी प्रतीचे?’ मुळीच नाही. घाम गाळून मिळविलेला पैसा हाही माणसाच्या आयुष्याचाच एक भाग आहे. तो माणूस दुकानात उभा राहून लेकीचे वय, तिचा रंग, तिची आवड आठवीत असेल, तर त्यानेही हन्नासारखेच माप घेतले आहे. उलटपक्षी, आपले कसब शेजारणीला दिसावे म्हणून शिवलेला पोशाख हाताचा असूनही रिकामा असू शकतो. झालरींची चढाओढ पुष्कळदा घरच्या यंत्रावरच जन्माला येते. तेव्हा हात पवित्र आणि बाजार अपवित्र, अशी सोपी वाटणी आपल्याला करता येणार नाही.

यंत्राचेही तसेच आहे. महात्मा गांधी यंत्रांच्या हव्यासावर कठोर टीका करीत. पण १९२४ साली एका संभाषणात त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद केले. आपल्या पत्नीचे हातशिलाईचे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने ते यंत्र शोधून काढले, अशी त्यांची समजूत होती. ही कथा इतिहासाच्या कसोटीला उतरते की नाही, तो प्रश्न वेगळा. गांधीजींनी लावलेली कसोटी मात्र मोलाची आहे. हे साधन माणसाचे कष्ट हलके करते, की माणसालाच बाजूला सारते, असे ते विचारीत होते.

हीच कसोटी आता आपल्या घरांना लावून पाहू. कारण येथे आम्हां पुरुषांना, आणि आम्हां धर्मगुरूंनाही, थोडे खजील व्हावे लागेल. सणासुदीचे घरगुती वैभव आपण मोठ्या कौतुकाने मिरवितो. ते कोणाच्या जागरणावर उभे असते? नाताळच्या आदल्या रात्री पडद्यांची कड दुमडणारी, मुलांच्या कपड्यांची काजे-बटणे करणारी आणि मग मध्यरात्रीच्या मिस्सेला धावत येणारी स्त्री घरोघर आहे. तिने ते आनंदाने केले असेल, तर ते दान होय. पण ते तिने केलेच पाहिजे असे आपण गृहीत धरले, तर ती वेठ झाली. आणि वेठीवर ‘मातेची माया’ असे नाव घातल्याने ती दान होत नाही. दानाला नकाराची मोकळीक लागते. ज्या मातेला वेळ नाही, बळ नाही किंवा आवड नाही, तिने तयार पोशाख आणला म्हणून तिच्या मायेत उणेपणा येत नाही. आणि जी शिवते, तिच्याजवळ बसून निदान सुईत दोरा ओवून देण्यास पुरुषाचा हात काही झिजत नाही.

आणखी एक ऋण आहे, आणि ते अधिक दूरचे आहे. तयार कपडासुद्धा कोणाच्या तरी हातानेच शिवलेला असतो. २४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात ढाक्याजवळील सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. तीत कपडे शिवणारे कारखाने होते. अकराशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत तरुण स्त्रियांचा भरणा मोठा होता. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते, तरी कामगारांना आत जाण्यास भाग पाडले गेले. त्यांतील अनेकांना महिन्याला ३८ युरो मिळत हे ऐकून पोप फ्रान्सिस यांनी १ मेच्या प्रवचनात त्या कामाला गुलामगिरी म्हटले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमांवर लिहिलेल्या विश्वपत्रात हेच तत्त्व मांडले होते: श्रमाचे मोल प्रथम त्यातून निघणाऱ्या वस्तूवरून नव्हे, तर तो करणारा माणूस आहे यावरून ठरते. स्वतः कधी हातशिलाई केलेल्याला हे पटवून द्यावे लागत नाही. एक बाही नीट बसविण्यास किती वेळ लागतो ते त्याला ठाऊक असते. म्हणून फार स्वस्त सदरा पाहून त्याला आनंदाबरोबर शंकाही येते. घरात सुई-दोरा टिकावा असे आम्हांला वाटते, त्याचे हेही एक कारण आहे. मुलांना दोन टाके घालता आले, तर दुसऱ्याच्या श्रमांची किंमत त्यांना बोटांनी कळेल.

आता ज्या धर्मग्रामात आम्ही आहोत तेथेही प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी नियम आहे. कापड साधे आणि पांढरे, झालरी नाहीत, दागिने नाहीत. पण आम्ही साधेपणाची मर्यादा ठरवितो, शिवणारा हात ठरवीत नाही. कोणी घरी शिवतात, कोणी शिंप्याकडे टाकतात, कोणी विकत आणतात; रांगेत ते सहसा ओळखूही येत नाही. समता राखता येते आणि मातेला परतही पाठवावे लागत नाही. एवढी साधी वाट आम्हांला त्या वर्षी सुचली नाही, याची खंत मात्र उरलीच आहे.

बालकाच्या बाप्तिस्म्यात त्याला शुभ्र वस्त्र परिधान करविले जाते. ते वस्त्र कुटुंबाने स्वतः आणावे, हे इष्ट असल्याचे विधिग्रंथातच नमूद आहे. ख्रिस्तसभेला पांढऱ्या कापडाची वाण आहे म्हणून तसे सांगितलेले नाही. मुलाला विश्वासाचे वस्त्र नेसविण्याचे काम घरच्यांनी अंगावर घ्यावे, असा त्यामागचा भाव आम्ही समजतो. यापुढे बाप्तिस्म्याचे वस्त्र हाती घेताना आम्ही आईबापांना एक प्रश्न विचारणार आहोत, ‘हे कोणी शिवले?’ घरच्या कोणाचे नाव आले, तर त्या व्यक्तीला वेदीजवळ बोलावू. नाव ठाऊक नसेल, तर त्या अनोळखी हातांसाठी तेथेच एक प्रार्थना करू.