मावळतीचं लोकेशन

एखादी सुंदर जागा आपल्याला माहीत असेल, तर ती इतरांना सांगावी की लपवून ठेवावी?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण आमच्या दहा-बारा जणांच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये राजकारणावरून झाली नसतील एवढी भांडणं ह्या एका प्रश्नावरून झाली आहेत. मावळात एका पठाराच्या कडेला एक जागा आहे. हिवाळ्यात तिथून सूर्य धरणाच्या पाण्यापलीकडच्या खिंडीत उतरताना दिसतो. ग्रुपचा नियम असा की फोटो खुशाल टाका, नाव टाकू नका. कुणी विचारलंच तर 'सह्याद्रीत कुठेतरी' म्हणायचं आणि एक इमोजी टाकून विषय संपवायचा.

नियमामागची भीती खोटी नाही. कळसूबाई घ्या. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. सूर्योदय गाठायचा म्हणून लोक मध्यरात्रीनंतर बारी गावातून चढायला लागतात आणि शनिवार-रविवार असेल तर लोखंडी शिड्यांपाशी अंधारात रांग लागते. किंवा महाबळेश्वरचा बॉम्बे पॉइंट घ्या. सीझनमध्ये संध्याकाळी तिथे कठड्याला माणसांच्या तीन-तीन ओळी चिकटलेल्या असतात. मागच्या ओळीला सूर्य दिसतो तो पुढच्यांच्या मोबाइलच्या स्क्रीनवर. तो बुडाला की पाच मिनिटांत पार्किंगमध्ये हॉर्न सुरू होतात. मागे राहतात कणसांची बुटकं आणि प्लास्टिकचे ग्लास. हे पाहिलेल्या माणसाला आपली जागा लपवावीशी वाटणं साहजिकच आहे.

तरीही ह्या युक्तिवादात मला काहीतरी खटकत राहतं. गर्दीमुळे नेमकं कमी काय होतं?

काही गोष्टी वाटल्या की कमी होतात. एक वडापाव दोघांत खाल्ला तर प्रत्येकाला अर्धाच मिळतो. सूर्यास्ताचं तसं नाही. आपल्या भागात सूर्याची कड क्षितिजाला टेकल्यापासून तो पूर्ण बुडेपर्यंत साधारण सव्वादोन ते अडीच मिनिटं लागतात. ती एकट्यानं पाहिली काय किंवा हजार जणांनी पाहिली काय, कुणाच्याही वाट्याचा सेकंद कमी होत नाही. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की मावळत्या सूर्यापासून पाण्यावर एक सोनेरी पट्टा निघतो आणि थेट आपल्या पायाशी येतो. दहा फूट बाजूला सरका, पट्टाही सरकतो. शेजारच्या माणसाला तो त्याच्या पायाशी आलेला दिसतो. किनाऱ्यावर हजार माणसं असतील तर पट्टेही हजार.

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तर याहून विलक्षण प्रकार घडतो. सूर्य पाठीशी आणि समोरच्या दरीत ढग असा योग जुळला, तर ढगावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती इंद्रधनुष्याचं पूर्ण गोल कडं उमटतं. त्याला इंद्रवज्र म्हणतात. एकोणिसाव्या शतकात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद करून ठेवली आहे. मजा अशी की दोघं खांद्याला खांदा लावून उभे असले, तरी ज्याला-त्याला ते कडं स्वतःच्याच डोक्याभोवती दिसतं. निसर्गानं इतकं काटेकोर समान वाटप केलेली दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

म्हणजे सूर्य कमी पडत नाही. कमी पडतो तो कठडा. कमी पडते शांतता, पठारावरची माती, गावातलं पाणी, गाड्या लावायला जागा. या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो आणि म्हणतो, "आपला सनसेट खराब झाला." सनसेट आपला नव्हताच. आपल्याला मिळाली होती ती फक्त उभं राहायला जागा.

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवात हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत पोचतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. आकाशात ढग किंवा हवेत धूळ असेल तर तेवढं घडत नाही. पण आणखी एक अडचण गेली कित्येक वर्षं चर्चेत आहे, ती किरणांच्या वाटेत येणाऱ्या बांधकामांची. सुमारे पंधरा कोटी किलोमीटर बिनबोभाट आलेला उजेड शेवटच्या टप्प्यात कुणाच्या तरी वरच्या मजल्याला अडतो. सूर्याचा तुटवडा कधीच नव्हता. प्रश्न होता तो वाटेत कोण उभं आहे याचा.

मग मावळातल्या त्या जागेची वाट अडवायचा अधिकार आमच्या ग्रुपला कुणी दिला?

ती जागा आम्ही शोधलेलीही नाही. २०१९ च्या डिसेंबरमध्ये आम्ही भलत्याच ठिकाणी ट्रायपॉड लावून बसलो होतो, तेव्हा म्हशी वळणारा एक शाळकरी मुलगा म्हणाला, "दादा, हितून काय दिसतंय? तिकडं चला की." त्यानं आम्हाला नेलं आणि म्हशींकडे परत गेला. आमची ओळख, आमची लायकी, आमचे फॉलोअर्स, काहीच विचारलं नाही. त्यानं फुकट दिलेल्या गोष्टीला आम्ही पुढे कुलूप लावलं आणि त्या कुलपाला निसर्गप्रेम असं नाव दिलं.

पठाराच्या अलीकडे एका मावशींचं चहाचं टपरीवजा दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात मी त्यांना सरळच विचारलं, "मावशी, इथं आणखी लोक आलेले चालतील का?" त्या म्हणाल्या, "येऊ देत की. चहा खपंल, भाकरी खपंल. पोराला पुण्याला जावं लागणार नाही." मग चूल फुंकता फुंकता पुढे म्हणाल्या, "पर बाटल्या नको. मागं फुटल्याली काच म्हशीच्या पायात गेली, तर पंधरा दिवस जनावर उभं ऱ्हाईना." दोन वाक्यांत त्यांनी आमच्या ग्रुपपेक्षा जास्त स्पष्ट भूमिका मांडली. त्यांना माणसं हवी आहेत, काचा नको आहेत. आमची सगळी चर्चा किती माणसं, यावर होती. त्यांची होती कशी माणसं, यावर.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. एखादं पान फक्त त्याचा पत्ता कुणाला ठाऊक नाही म्हणून सुरक्षित मानणं, याला आमच्याकडे कुणीही सुरक्षितता म्हणत नाही. पत्ता आज ना उद्या फुटतोच. मग खरी व्यवस्था लागते. आत कोण येऊ शकतं, एका वेळी किती येऊ शकतात, आल्यावर काय करू शकतात, याचे नियम लागतात. कास पठारानं हेच केलं. २०१२ साली पश्चिम घाटाला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कासचा समावेश होता. नंतर फुलांच्या हंगामात तिथे ऑनलाइन बुकिंग आलं आणि रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आली. कासवर गर्दीच्या तक्रारी आजही होतात. पण तिथे कुणाला प्रवेश मिळावा हे ओळखीवर ठरत नाही. लपवलेल्या जागेचं मात्र तसंच असतं. ती ज्यांचे मित्र ट्रेकर आहेत, ज्यांच्याकडे बाइक आहे, जे योग्य व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये आहेत, त्यांनाच मिळते.

याच सुमारास ऑफिसमधल्या एका नव्या सहकारी मुलीनं मला लोकेशन मागितलं. तिच्या आईचे गुडघे दुखतात, चढ जमत नाही आणि त्या पठारावर गाडी जवळपास कडेपर्यंत जाते. मी पाठवलं. सोबत लिहिलं की चहा मावशींकडेच घ्या, काचेची बाटली नेऊ नका आणि शक्यतो बसून बघा. ग्रुपमध्ये हे सांगितल्यावर दोन दिवस शांतता होती. मग एका मित्रानं विचारलं, "आणि तिनं पुढे पन्नास जणांना पाठवलं तर?"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. पाठवलेलं लोकेशन परत घेता येत नाही. एक-एक माणूस सभ्य असतो आणि त्यांची मिळून झालेली गर्दी सभ्य असेलच असं नाही. शिवाय ज्या गावात कचरा उचलायचीच व्यवस्था नाही, तिथे सभ्य पन्नास माणसांचा कचराही कचराच असतो. म्हणून मी ते इन्स्टाग्रामवर टाकलं नाही आणि टाकणारही नाही. पण एका माणसाला सांगणं आणि जाहीर करणं यात मला मोठा फरक दिसतो. माणसाला सांगताना जागेबरोबर तिथली रीतही जाते. 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून ज्या पिढ्या गडांवर गेल्या, त्यांना गो. नी. दांडेकरांनी काही लपवून ठेवलं नव्हतं. फक्त तिथे पोचण्याआधी त्यांच्या हातून एक अख्खं पुस्तक वाचून झालेलं होतं. नकाशावरच्या लाल टिंबाला ते जमत नाही. ते रस्ता सांगतं, रीत सांगत नाही.

त्यामुळे 'सांगावं की लपवावं' हा प्रश्नच मला आता अपुरा वाटतो. लपवणं सोपं आहे, त्यात आपल्याला काहीच करावं लागत नाही. सांगितलं की जबाबदारी येते. पुढच्या वेळी तिथे काच दिसली तर ती उचलायला वाकावं लागतं, कारण ती कदाचित आपणच पाठवलेल्या कुणाच्या तरी हातची असते. ग्रुपमधल्या तिघांना हे पटलं आहे, बाकीच्यांना नाही. मावशींनी दुकानाबाहेर पत्र्याचा डबा ठेवला तर तो दर रविवारी भरून खाली न्यायचा, यावर मात्र सगळे तयार झाले आहेत.

आणि ज्यांना कुणीच लोकेशन पाठवत नाही, त्यांच्यासाठी एक माहिती. जून ते डिसेंबर आपल्याकडे मावळतीची जागा क्षितिजावर जवळपास ५० अंश दक्षिणेकडे सरकते आणि पुढच्या सहा महिन्यांत तेवढीच परत येते. म्हणजे पश्चिमेला थोडंसं आकाश मोकळं असलेल्या कुठल्याही गच्चीवरून वर्षभर रोज थोडा वेगळा सूर्यास्त दिसतो. कधी टाकीच्या डावीकडे, कधी टॉवरच्या उजवीकडे. मागे कुणी उभं असेल, तर तेवढं खाली बसा.