पासंग

फोनचा बॅलन्स संपतो, खात्यात बॅलन्स उरत नाही, स्टुलावर चढलेल्या आजोबांचा बॅलन्स जातो आणि घर-नोकरी बॅलन्स करता करता बाई दमून जाते. मराठीत या गोष्टींना वेगवेगळे शब्द होते. पैशांची शिल्लक, शरीराचा तोल, जमाखर्चाचा ताळमेळ. त्या बाईच्या दमण्याला तर ओढाताण असा सरळ शब्द होता.

शब्द एक झाला की गोष्टीही एकच वाटू लागतात, आणि मला खटकतं ते हेच. शिल्लक उरते, साठवता येते. तोल साठत नाही. डोळे मिटून एका पायावर उभं राहून बघा: घोटा सारखा थरथरतो, बोटं जमीन धरू पाहतात. स्थिर दिसणारं शरीर आतून अखंड सावरत असतं.

इंग्रजी 'बॅलन्स'च्या मुळाशी लॅटिनमधली दोन पारडी आहेत. आपल्याकडेही तुला, तुलना, तोल, तोळा ही सगळी तराजूचीच लेकरं. पण त्या तराजूतला सगळ्यात शहाणा शब्द मला वाटतो तो पासंग. लहानपणी आठवडी बाजारात एक भाजीवाल्या मावशी होत्या. तोलायच्या आधी त्या रिकामी तागडी उचलून धरत. एक पारडं किंचित वर राहायचं. मग त्या वरच्या पारड्याच्या दोरीला चिंधीत गुंडाळलेला खडा बांधत, काटा मधोमध आला की गिऱ्हाइकाला दाखवत, आणि मगच वांगी पारड्यात पडत. तो खडा म्हणजे पासंग. तराजू मुळातच कलता असू शकतो, हे त्यात आधीच कबूल केलेलं असायचं.

1958 पासून दशमान वजनं आली, शेर गेला, पण पावशेर 250 ग्रॅम होऊन बाजारात टिकला. पासंग मात्र 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' एवढ्यापुरताच उरला. तो आपल्याला घरात हवा होता. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा वेळ दिवसाला सरासरी 299 मिनिटं निघाला, तर ते करणाऱ्या पुरुषांचा 97. त्यातही पुरुषांमध्ये असं काम करणारे शंभरात जेमतेम 26. म्हणजे बाई ऑफिसची पर्स खांद्याला लावते तेव्हाच एक पारडं खाली गेलेलं असतं. तशा तराजूपुढे उभं करून तिला 'बॅलन्स साध' म्हणणं हा अन्याय आहे.

माझ्या मैत्रिणीच्या घरी गेल्या जूनपासून सकाळचे डबे नवरा भरतो. पोळ्या जाड होतात, मुलगी कुरकुरते. सासूबाईंच्या गोळ्यांच्या वेळा आणि शाळेचे निरोप अजून हिच्याच डोक्यात असतात. पण सहा-चाळीसची लोकल ती आता धावत न जाता पकडते.