अनुभव कोणाच्या नावावर?

पुण्यात नोकरी शोधताना एक प्रश्न आता दारातूनच ओळखू येतो. मॅडम फाइल चाळतात. बीएस्सी नर्सिंगच्या गुणपत्रिका, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, सगळं बघतात आणि शेवटी चष्मा वर सारून विचारतात, "एक्स्पीरियन्स?" नाही म्हटलं की एक तर "कळवू", नाहीतर बॉण्ड. म्हणजे दोन वर्षं सोडून जायचं नाही आणि मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात. माझ्या वर्गातल्या मुली चिडतात. कोणी कामावर घेतल्याशिवाय अनुभव येणार कसा, हे त्यांचं म्हणणं, आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. मला मात्र वेगळीच गोष्ट छळते. हा अनुभव म्हणून जे मागतात, ते तयार कोणाच्या जिवावर होतं?

आमची पोस्टिंग सरकारी रुग्णालयात असायची. मेडिकल वॉर्डात एक बाबा होते, जत भागातले. उन्हानं वाळलेले हात. शिरा चांगल्या वर आलेल्या, पण बोट ठेवलं की इकडून तिकडे सरकायच्या. सिस्टरांनी टूर्निके बांधायला लावला, स्पिरिटनं पुसून कातडी खालच्या बाजूला ताणून धरायला सांगितली. निळी व्हेन्फ्लॉन, बावीस नंबरची. पहिल्या टोचणीला शीर सटकली. बाबांनी हात मागे घेतला नाही. "घाल पोरी, शिकायलाच आलीस न्हवं," म्हणाले आणि तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या वेळी मागच्या कप्प्यात रक्त चढलं. सिस्टर कानाशी म्हणाल्या, आता सुई जराशी मागे आणि नळी पुढे. सलाईन सुरू झाली.

"मला सीनियर सिस्टरच पाहिजे," असं त्या बाबांना म्हणता आलं असतं का? कागदावर आलं असतं.

पहिल्या वर्षी हातात दिवा घेऊन आम्ही नाइटिंगेलबाईंच्या नावाची शपथ घेतली. ती त्यांनी लिहिलेली नाही, १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉइटला तयार झाली. तिच्यात देव आहे, डॉक्टरांना साथ देणं आहे, रुग्णाचं हितही आहे. ज्याच्या अंगावर शिकायचं त्याच्याकडून आपण काही घेतो आहोत, याची मात्र दखल नाही. खुद्द नाइटिंगेलबाईंचं रीतसर शिक्षण म्हणजे १८५१ मध्ये जर्मनीत कायझर्सवर्थला काढलेले काही महिने. तीनच वर्षांनी त्या क्रिमियाच्या युद्धातले जखमी सांभाळायला निघाल्या. आजच्या एखाद्या मॅडमनी त्यांनाही "कळवू" म्हटलं असतं.

गावाकडे आप्पा, माझे आजोबा, अजून रोज पोथी उघडतात. त्यांना फोनवर त्या बाबांच्या टोचणीचं सांगितलं, तर त्यांनी लगेच गीतेचा अठरावा अध्याय काढला. आगीबरोबर धूर असायचाच, तसा प्रत्येक कर्माला दोष चिकटलेला, म्हणून आपल्या वाट्याचं काम टाकू नये, असं त्यांनी समजावलं.

"पण आप्पा, धूर कुणाच्या डोळ्यांत जातोय ते बघा की. शिकणार मी, आणि डोळे चोळणार दुसरं माणूस."

"तू लई वकिली करतीस," आप्पा म्हणाले. पण दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. या वेळी ऋणांचा विषय होता.

देव, ऋषी आणि पितर यांचं ऋण घेऊनच जन्म होतो, हे तैत्तिरीय संहितेत आहे. ब्राह्मणाबद्दलचं वाक्य आहे ते, पण आप्पा तेवढ्यावर अडत नाहीत. यज्ञानं देवांचं, अध्ययनानं ऋषींचं, संततीनं पितरांचं ऋण फिटतं. आप्पांच्या मते ते बाबा माझे ऋषी. त्यांच्यापाशी विद्या मिळाली. ऐकायला गोड आहे, पण मला पटत नाही. ऋषी आपणहून देतो. बाबा तापानं फणफणलेले होते, आणि खाजगी दवाखान्याचे पैसे नव्हते म्हणून त्या खाटेवर होते. त्यांच्या लाचारीला गुरुपद देऊन आपण मोकळं व्हायचं, यात आपलीच सोय दिसते. शतपथ ब्राह्मणात चौथं ऋण सांगितलंय, माणसांचं. ते फेडायचं कसं, तर आसरा देऊन आणि जेवू घालून. त्याला ना मंत्र लागतो ना मुलगा. माझं खातं तिथं आहे.

म्हणूनच एक्स्पीरियन्स हा शब्द ज्या तऱ्हेनं उच्चारला जातो त्याचा राग येतो. मोठ्या रुग्णालयाला तयार हात हवा, यात गैर काही नाही. माझे वडील आयसीयूत असते तर मीही नवख्या पोरीला लांब ठेवलं असतं. पण तो हात तयार झाला सरकारी वॉर्डातल्या, पैसे नसलेल्या माणसांवर, आणि त्याचा भाव लागतो दुसरीकडे. फ्रेशर नको म्हणणारे एवढंच म्हणत असतात की तुमची ती पहिली टोचणी दुसऱ्या कुणाच्या पेशंटवर उरकून या. मग बॉण्डच्या नावाखाली प्रमाणपत्रं अडकवून ते जे वसूल करतात, ते देणं मुळात त्यांचं नव्हतंच.

सध्या एका लहान नर्सिंग होममध्ये बोलणं चाललंय. पगार कमी आहे, नाइट जास्त. मी तिथल्या इन्चार्ज सिस्टरांना विचारलं, मी नवी आहे हे पेशंटला सांगितलं तर चालेल का, आणि त्यानं नको म्हटलं तर तुम्ही याल का? त्या हसल्या. "सांगशील तर निम्मे नको म्हणतील," म्हणाल्या, "पण मी येईन."

आप्पांना हे कळवलं. त्यांचा प्रश्न तयार होता, "सगळ्यांनीच नको म्हटलं, तर तू शिकणार कधी?"

मी म्हटलं, सगळे नाही म्हणणार नाहीत. आणि जे हो म्हणतील, त्यांना निदान नाही म्हणता आलं असतं.

आप्पांना हे अजून मान्य नाही.