दुय्यम कोण?

गोंदिया स्थानकातून विदर्भ एक्स्प्रेस सुटते ती थेट मुंबईला. नट व्हायचं खूळ डोक्यात शिरलेल्या पोराला ती गाडी ठाऊक असतेच. याच स्थानकातून दुसरा मार्ग अर्जुनी मोरगाववरून वडशाकडे जातो. वडसा म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचं गाव. पहिल्या गाडीला आपण करिअर म्हणतो आणि दुसरीला हौस. ही वाटणी मला पटत नाही.

मुंबईत बहुतेकांच्या वाट्याला साहाय्यक भूमिकाच येतात. त्यांचं कौतुकही उशिराच होतं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार 1954 पासून दिले जातात, पण साहाय्यक अभिनयाला त्यात वेगळी जागा मिळायला तीस वर्षं गेली. आणि नाव झालं तरी सुटका नाही. सदाशिव अमरापूरकर मराठी रंगभूमीवर मुरलेले नट. ‘अर्धसत्य’मध्ये (1983) त्यांचा रामा शेट्टी फार वेळ पडद्यावर नाही, तरी फिल्मफेअरचं साहाय्यक अभिनेत्याचं पारितोषिक त्यांनाच मिळालं. त्यानंतर हिंदी सिनेमाने त्यांच्याकडून मुख्यतः खलनायकच मागितला. ‘सडक’मधली महाराणी करून त्यांनी त्या चौकटीतही कमाल केली, पण चौकट चौकटच. मालिकेतला काका तर पाच-पाच वर्षं त्याच सोफ्यावर बसून तोच चहा पितो.

आता झाडीपट्टी पाहा. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर हा धानाचा मुलूख. धान निघालं, दिवाळी झाली की गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, कुठे शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत होते आणि रात्री नाटक. पडदा उशिरा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. लोक तिकीट काढून, चादरी पांघरून बसलेले असतात. रात्री दोन वाजता, थंडीत, त्यांना जागं कोण ठेवणार? नायक-नायिकेचं दुःख त्या वेळी पुरत नाही. तिथे विनोदी नटच लागतो. कागदावर दुय्यम असलेली ती भूमिका रात्रभराचं ओझं उचलते.

गडचिरोलीचे झाडीपट्टी नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग, आठशेवर भूमिका, असा त्यांचा हिशोब सांगितला जातो. सहज भागाकार केला तर एक भूमिका सरासरी सहा वेळा! मुंबई-पुण्याचा नट एका नाटकाचे शेकडो प्रयोग करतो आणि त्यालाच यश म्हणतो. इथे सहा रात्रींत माणूस उभा करायचा आणि सोडून द्यायचा. त्यात सफाई कमी राहणार, आवाज चढणार, अश्रू जरा जास्तच वाहणार. शहरी समीक्षक नाक मुरडतात ते अगदीच खोटं नाही. पण नटाची ताकद मोजायची तर मी तरी ती एका भूमिकेच्या घोटीवपणापेक्षा अशा वाकण्या-वळण्यात शोधीन.

अर्थात पोट फक्त टाळ्यांवर भरत नाही. हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. मग शेती किंवा मिळेल ते काम. 2020 च्या टाळेबंदीनंतर तर प्रयोगच थांबले. शिवाय तिकीटखिडकीची लाचारी इथेही आहेच: मालिकेतून ओळखीचा झालेला चेहरा मुंबईहून बोलवायचा आणि जाहिरातीत त्याचा फोटो मोठा छापायचा. मुंबईत जो कोपऱ्यात उभा असतो, तो इथे पाहुणा नायक होतो, आणि वर्षानुवर्षं रंगमंच सांभाळणारा गावचा नट त्याच्या फोटोखाली बारीक अक्षरांत जातो. 2022 च्या ‘झॉलीवूड’ चित्रपटाने ही दुनिया बाहेरच्यांना थोडीफार दाखवली.

म्हणून गोंदियाच्या पोराने मुंबईला जाऊ नये, असं मी म्हणणार नाही. जावं. फक्त जाण्याआधी एक हंगाम वडशाच्या एखाद्या कंपनीत काढावा, आणि नायकाची भूमिका मिळाली तर ती नाकारून विनोदी नटाची मागावी.